पन्नास किलोमीटरचा डोंगर आणि चौदा महिन्यांची लेक: नागपूरच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताई चौतीस वर्षांच्या, नागपूरच्या. मोठा मुलगा सहा वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची आणि अजून रात्री अंगावर पिते. धाकटीच्या आधी तीन हाफ मॅरेथॉन पळून झाल्यात. आता या डिसेंबरात सिंहगड, राजगड, तोरणा या भागातली साधारण ५० किलोमीटरची डोंगरी शर्यत करायची आहे आणि पुढे दोन-तीन वर्षांत १०० किलोमीटरची. त्या विचारतात: आठवड्याला किती किलोमीटर पळू? नागपूर सपाट, मग चढाचा सराव कुठं करू? आणि सासूबाई म्हणतात, "लेकरं लहान आहेत, आत्ताच काहून?" तर हा माझा स्वार्थ आहे का? शेवटी जाता जाता दोन वाक्यं लिहिली आहेत. एक, पहाटे पावणेचारला उठून साडेसहाच्या डब्याच्या आत पळून येते. दोन, उतारावर पळताना थोडी लघवीची गळती होते, ते चालतं ना?

ताई, माझ्या दृष्टीनं तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. किलोमीटरचं उत्तर सोपं आहे, तेही देते. पण आधी हे.

मी सतरा वर्षं पळते आहे आणि त्यातली बारा-तेरा वर्षं नागपुरातल्या बायकांना पळायला शिकवते आहे. मला दोन मुली, आता कॉलेजात आहेत. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. त्यामुळे जिथं शरीर तपासून घ्यायची वेळ आहे तिथं तसं स्पष्ट सांगेन. बाकीचं अनुभवातलं आहे.

डोंगरी अल्ट्राच्या, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांबच्या शर्यतीच्या, तयारीला तास लागतात आणि ताकद लागते. ती कुठून तरी काढावी लागते. माझ्याकडे येणारे पुरुष हे तास घराच्या वेळेतून घेतात. रविवारी सकाळी ते सेमिनरी हिल्सवर असतात तेव्हा घरात पोरांचं दूध, नाश्ता, आंघोळी कुणीतरी करत असतं आणि त्याची चर्चासुद्धा होत नाही. बाई मात्र घराकडे मागत नाही. ती झोपेतून तास काढते, जेवणातून ताकद काढते आणि अंग काही सांगत असेल तर "नंतर बघू" म्हणते. घरात कुणाला काही कमी पडत नाही, म्हणून कुणाला काही कळतही नाही. चार-पाच महिने हे निभतं. मग एक दिवस पाय चालत नाहीत, किंवा हाडाला बारीक चीर पडते, किंवा ताप हटत नाही. पावणेचारचा गजर आणि गळती, दोन्ही मला त्याच खात्यातून काढलेली रक्कम वाटते. माझं सगळं उत्तर एवढ्याभोवती आहे की हा खर्च घराच्या खात्यावर टाका, अंगाच्या नको.

आधी गळती. बाळंतपणानंतर पळताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब येणं खूप बायकांना होतं. होतं म्हणून ते चालवून घ्यायचं नसतं. नऊ महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी वजन पेललेलं असतं, सिझेरियन झालं असलं तरीही. ते स्नायू अजून पूर्ण कामावर आलेले नाहीत, एवढंच शरीर सांगतंय. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यानंही तिथल्या पेशी नाजूक राहतात. उतारावर प्रत्येक पाऊल सपाटीपेक्षा जोरात आदळतं, म्हणून तुम्हाला ते नेमकं उतारावर जाणवतं. सह्याद्रीतल्या शर्यतीत तर निम्मी वाट उताराचीच असते.

२०१९ साली ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी बाळंतपणानंतर पळायला लागण्याबद्दल एक मार्गदर्शिका लिहिली. त्यात पहिले तीन महिने पळू नये असं आहेच, पण मला त्यातली महिन्यांपेक्षा चाचणी जास्त उपयोगाची वाटते. अर्धा तास झपझप चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा बैठका, जागच्या जागी मिनिटभर पळणं, एका पायावर दहा उड्या, असं दोन्ही पायांनी. यातलं काही करताना गळती झाली, दुखलं, किंवा खाली जड वाटलं, ओढल्यासारखं वाटलं, तर पळणं वाढवायची वेळ आलेली नाही. ते जडपण विशेष लक्षात ठेवा. आपल्याकडे आज्या ज्याला "अंग बाहेर येणं" म्हणायच्या, त्याची सुरुवात कधीकधी अशा जडपणानं होते. ते वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे याच तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओचं नाव मागा. नागपुरात असे फिजिओ शोधावे लागतात, पण सापडतात. व्हिडिओ बघून घरीच आवळण्याचे व्यायाम सुरू करू नका. काहींचे हे स्नायू सैल नसतात, उलट सतत आवळलेले असतात, आणि त्यांना आवळण्याच्या व्यायामानं त्रास वाढतो. हात लावून तपासल्याशिवाय कुठला प्रकार आहे ते समजत नाही.

माझ्याकडे एक शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्या लांब पळायच्या दिवशी तीन वर्षं काळीच ट्राउझर घालत होत्या आणि सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. मला वाटायचं, त्यांना पाण्याचं महत्त्व पटत नाही. एकदा रामटेकच्या पायऱ्या उतरताना त्या रडायला लागल्या तेव्हा खरं कारण कळलं. फिजिओकडे चार महिने गेल्या आणि गळती जवळजवळ थांबली. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत हे स्वतःहून विचारते. तुम्ही ते लिहून टाकलंत याचं मला खरंच बरं वाटलं.

तोवर पळणं बंद करायचं का? तुमच्या वर्णनावरून, म्हणजे थोडीच गळती आणि तीही उतारावरच, सपाटीवरचं सावकाश पळणं सुरू ठेवायला हरकत दिसत नाही. उतार चालत उतरा, श्वास रोखून उतरू नका. तपासणीत फिजिओ वेगळं म्हणाल्या तर त्यांचं ऐका.

आता झोप आणि तास. पावणेचारला उठता, म्हणजे पावणेअकराला झोपलात तरी पाच तास. त्यात धाकटी दोनदा उठते. मी त्याला चार तासांची झोप धरते. या झोपेवर केलेला सराव अंगी लागत नाही, कारण पळताना स्नायू झिजतात आणि बांधले जातात ते झोपेत. अशा आठवड्यात साठ किलोमीटर पळण्यापेक्षा तीस पळून साडेसहा तास झोपलेली बाई डिसेंबरात पुढे असेल, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय.

म्हणून आठवड्याचं गणित मी किलोमीटरमध्ये देतच नाही. लांबच्या रविवारच्या आठवड्यात साधारण सहा ते सात तास द्या, चार वेळात वाटून. एक दिवस संध्याकाळी घरीच पाऊण तास ताकदीचे व्यायाम: बैठका, एका पायावरच्या बैठका, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, पाठीवर पाण्याचा कॅन भरलेली सॅक. एक दिवस तासभर सावकाश पळणं, बोलता येईल इतकं सावकाश. एक दिवस जिने. आणि रविवारी लांबचं, तीन ते पाच तास, तेही महिन्यातले दोनच रविवार. उरलेल्या दोन रविवारी दीड-दोन तास पुरे. पावणेचारचा गजर बंद. पळण्याच्या सकाळी साडेपाचला निघा आणि त्या दिवशीचा डबा दुसऱ्या कुणीतरी करायचा.

"कुणीतरी" म्हणजे कोण, इथं प्रत्येक घराचं वेगळं असतं आणि मला तुमचं घर माहीत नाही. मिस्टरांची शिफ्ट असेल, तुम्ही एकट्याच मुलांना वाढवत असाल, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर उत्तर बदलेल. पैसे मोजून आठवड्यातल्या दोन सकाळी मदतीला बाई ठेवणं हाही बऱ्यापैकी स्वस्त मार्ग आहे. नवीन बुटांपेक्षा तो आधी करा. पण ज्यांच्या घरात दुसरा धडधाकट मोठा माणूस आहे त्यांना मी एकच सांगते: "जमेल तसं सांभाळून घ्या" असं मोघम मागू नका. तारीख आणि वेळ मागा. स्वयंपाकघरात दुधाचे खाडे ज्या कालनिर्णयवर लिहिता, त्यावरच पुढच्या सहा महिन्यांचे रविवार लिहा. "१४ तारखेला पाच ते दहा मी नाही" हे एकदा लिहिलं की घर त्याभोवती आपली सोय लावून घेतं. न लिहिलेला रविवार पाहुण्यांचा, साखरपुड्याचा, मुलाच्या प्रोजेक्टचा होतो.

सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्याही घरी तो होता. "लेकरं लहान आहेत" याच्या पोटी बहुतेक वेळा दोन काळज्या असतात: तू पडलीस तर, आणि तू नसताना ती माझ्यानं सांभाळली गेली नाहीत तर. दोन्ही रास्त आहेत. वाद घालून त्या जात नाहीत.

माझ्या सासूबाई नागपंचमीच्या आधी नागद्वारला जायच्या. आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: पचमढीच्या जंगलात सातपुड्याच्या कड्यांमधून ऐन पावसाळ्यात ही यात्रा असते आणि विदर्भातून हजारो लोक चिखलातून, ओढ्यांतून, लोखंडी शिड्यांवरून चालत जातात. मी पहिल्यांदा डोंगरी शर्यतीचं नाव काढलं तेव्हा घरात आठ दिवस शांतता होती. मग एका रात्री भांडी आवरताना मी त्यांना विचारलं, "आई, नागद्वारचा उतार तुम्ही कसा उतरता? माझे गुडघे तर रामटेकलाच बोलतात." त्यांनी पदर खोचला आणि ओट्यापासून दारापर्यंत चालून दाखवलं. पाऊल छोटं, गुडघा कधीच ताठ नाही, अंग किंचित तिरकं, काठी आधी टेकायची आणि मग पाय. "घाई केली का पाय सुटून राहते," म्हणाल्या. पुढे मी प्रशिक्षकांकडून उतार शिकले, तेव्हा त्यांनी सांगितलेलं निराळं काही नव्हतं. त्या दिवसापासून माझी शर्यत त्यांच्या लेखी यात्रेसारखी झाली, आणि यात्रेला जाणाऱ्या बाईची लेकरं घरात सांभाळायची असतात हे त्यांच्या पिढीला कुणी शिकवावं लागत नाही. तुमच्या सासूबाई नागद्वारला किंवा महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडला गेल्या आहेत का, विचारून बघा. नसतील गेल्या तर त्यांना आपला रविवारचा रस्ता एकदा दाखवा, सोबत कोण असतं ते सांगा, फोन कुठं लागतो ते सांगा. काळजी तपशिलानं कमी होते.

स्वार्थ आहे का? तुमचे काही तास मुलांकडून जातील, हे खरं आहे, आणि ते नाकारून तुम्हाला हलकं वाटणार नाही. मी फक्त एवढं म्हणेन की "मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून पळते" असं कारण शोधू नका. मुलं प्रेरणा घेतील किंवा घेणार नाहीत. माझ्या थोरलीला पळण्याचा कंटाळा आहे. तुम्हाला डोंगरात पळावंसं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे. महिन्यातले दोन रविवार एका आईला द्यायला घराला दुसरं कारण लागू नये.

तुम्ही प्रश्नात जास्मिन पॅरिस या ब्रिटिश डोंगरी धावपटूचं उदाहरण दिलंय. मलाही ती फार आवडते. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधली स्पाइन रेस, म्हणजे साधारण ४३० किलोमीटर, तिनं ८३ तास १२ मिनिटांत पूर्ण केली, पुरुषांसकट सगळ्यांत पहिली आली, आणि वाटेतल्या थांब्यांवर आपल्या चौदा महिन्यांच्या मुलीसाठी दूध काढत होती. तुमच्या धाकटीएवढीच मुलगी. मार्च २०२४ मध्ये बार्कली मॅरेथॉन्स ही अमेरिकेतली अतिशय अवघड डोंगरी शर्यत पूर्ण करणारी ती पहिली बाई ठरली, साठ तासांच्या मुदतीला ९९ सेकंद बाकी असताना. तेव्हा ती दोन मुलांची आई होती. हे वाचून अंगावर काटा येतो, यायलाच हवा. पण आपल्याकडे या बातमीतून "इच्छा असली की आईला सगळं जमतं" असा अर्थ काढतात, तो मला धोक्याचा वाटतो. पॅरिस बाळ होण्याच्या आधीच जगातल्या उत्तम डोंगरी धावपटूंपैकी होती. त्या चौदा महिन्यांच्या मागे बरीच वर्षं होती.

दुसरा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. २०१८ च्या यूटीएमबीत, मों ब्लां डोंगराभोवतीच्या १७० किलोमीटरच्या शर्यतीत, सोफी पॉवर ही ब्रिटिश धावपटू एका थांब्यावर तीन महिन्यांच्या बाळाला पाजते आहे. जगभर तो आईच्या जिद्दीचा फोटो म्हणून फिरला. त्यामागची गोष्ट अशी की दुखापत झाली तर जागा पुढच्या वर्षावर ढकलता येत होती, गरोदरपणासाठी मात्र येत नव्हती, म्हणून ती तेव्हा तिथं होती. पुढे तो नियम बदलला आणि तिनं बायकांना शर्यतीत न्याय्य वागणूक मिळावी म्हणून संस्थाही काढली. तुम्हीसुद्धा नाव नोंदवण्याआधी आयोजकांना लिहून विचारा: गरोदरपण किंवा बाळंतपणामुळे जागा पुढे नेता येते का, थांब्यावर दूध काढायला आडोसा आहे का, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं कुठं आहे. दहा जणींनी विचारलं की पुढच्या वर्षीच्या पत्रकात ते छापून येतं.

आता एक तपासणी, जी माझ्या मते बुटांच्याही आधी करायची. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात दोन बाळंतपणं, त्यात लांब पळणं. पळण्यानं घामातून आणि तळपायावरच्या आघातानं लोह आणखी खर्ची पडतं. मी माझ्या पहिल्या सह्याद्रीतल्या पन्नासला अडतिसाव्या किलोमीटरला वेळ संपली म्हणून थांबवली गेले. धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती. मला वाटलं, सराव कमी पडला, म्हणून परतल्यावर दुप्पट पळायला लागले आणि आणखी खाली गेले. जिन्यावर धाप लागायची, केस गळायचे. ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, बायकांना एवढा थकवा असतोच. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन करायला लावलं, ते ८ आलं. त्या आठ महिन्यांचा राग मला अजून येतो. औषधानं ते वर यायला जवळजवळ अर्धं वर्ष लागलं, आणि पुढच्या डिसेंबरात मी पूर्वीपेक्षा कमी पळून शर्यत आरामात संपवली.

फेरिटिन ३० च्या खाली असेल तर माझ्या गटात मी लांबचं पळणं थांबवते आणि डॉक्टरांकडे पाठवते. गोळी किती आणि कुठली ते डॉक्टर ठरवतील, मनानं घेऊ नका. तुम्ही एवढं करा की जेवणानंतर तासभर चहा नको, आणि पालक-मेथी-हरभऱ्यावर लिंबू पिळा.

आता तुमचा आवडता प्रश्न, सपाट नागपुरातला चढ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ठोकताळा दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. समजा शर्यत ५० किलोमीटरची आणि चढ २,००० मीटर. दहा तास अधिक साडेतीन तासांच्या जरा आत, म्हणजे न थकता नुसतं चालणारा माणूस साडेतेरा तासांत पोचतो. शर्यतीची मुदत याच्याशी ताडून पाहा. माझ्या अनुभवात मुदत याच्यापेक्षा फार कमी नसते. म्हणजे तुम्हाला चढावर पळायचंच नाही. चढावर न थांबता झपाझप चालायचं आहे आणि उतारावर मांड्या शाबूत ठेवायच्या आहेत. हाफ मॅरेथॉनचा वेळ इथं फारसा उपयोगी पडत नाही.

चालण्याचा चढ नागपुरात मिळतो. दहा मजल्यांची इमारत म्हणजे साधारण ३० मीटर. सतरा फेऱ्यांत ५०० मीटर झाले. खाली येताना लिफ्टनं येऊ नका. सगळा सराव खाली उतरण्यात आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यानंच दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण एकदा असं नीट दुखून झालं की पुढचे काही आठवडे तो स्नायू त्याच कामाला कमी दुखतो. तुमच्या बाबतीत जिने उतरताना गळती होतेय का ते बघत फेऱ्या वाढवा. पाच फेऱ्यांपासून सुरू करा. जिममध्ये ट्रेडमिल असेल तर १५ टक्के चढ, ताशी चार किलोमीटर, एक तास: ६०० मीटर झाले. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मी सगळ्यांना आत जिन्यात किंवा जिममध्येच ठेवते. ४५ अंशांत बाहेर पळून काही कमावता येत नाही.

बाहेर फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सवर चढणारे रस्ते पुन्हा पुन्हा करा. गोरेवाड्याच्या बाजूला अंधारात एकटीनं जाऊ नका, ते जंगल आहे आणि तिथं बिबट्या आहे. भटक्या कुत्र्यांसाठी हातात काठी आणि सोबत दोघी-तिघी, ही साधी पद्धत सगळ्यात चांगली. महिन्यातून एकदा रामटेक, गडाच्या पायऱ्या सात-आठ वेळा. आणि शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी दोन दिवस पचमढी किंवा चिखलदरा. पचमढीला चौरागडच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या आणि धूपगडचा रस्ता. धूपगड १,३५२ मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच ठिकाण. मुलांना आणि सासूबाईंना सोबत न्या, घरच्यांची सहल आणि तुमचा सगळ्यात महत्त्वाचा सराव एकाच खर्चात होतो.

एक गोष्ट मात्र विदर्भात मिळत नाही: घसारा. सह्याद्रीत डिसेंबरात वाळलेलं गवत, बारीक मुरूम आणि खाली कातळ असा उतार असतो, पाय ठेवला की माती सरकते. आपल्याकडचे तगडे धावपटू तिथं घाबरून तासाला दोन किलोमीटरवर येतात. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याकडे जाणं होणार असेल तर एक दिवस काढून तिथल्या एखाद्या सवयीच्या गटासोबत उतरून या. नाहीतर शर्यतीच्या दोन दिवस आधी पोचा आणि तासभर तरी घसाऱ्यावर पाय सरावू द्या. बुटांचे तळ खोल खाचांचे हवेत आणि दोन काठ्या हव्यात. सासूबाईंची एक काठीही चालेल.

खाण्याचं थोडक्यात. दर तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. उकडलेला बटाटा मिठासह, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, खजूर, हे सगळं पाकिटातल्या एनर्जी जेलपेक्षा आपल्या पोटाला मानवतं. पण जे शर्यतीत खाणार तेच रविवारी खाऊन बघा. नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस गोंधळतो. ओआरएस सोबत असू द्या. डिसेंबरपर्यंत धाकटी वीस महिन्यांची होईल. तेव्हाही पीत असेल तर निघण्याआधी पाजा, आणि दहा-बारा तासांत छाती दगडासारखी झाली तर थांबून हातानं दूध काढा. तसंच पुढे रेटलं तर गाठ होऊन ताप येतो. हाही प्रयोग आधी लांबच्या रविवारी करून पाहा.

मग डिसेंबरात ५० करू का? माझं स्पष्ट मत: आत्ताच्या परिस्थितीत या डिसेंबरात त्याच भागात २५ च्या आसपासच्या गटात नाव द्या, आणि ५० पुढच्या वर्षी. आता जून आहे. ऑगस्टअखेर गळती थांबलेली असेल, फेरिटिन ठीक असेल, सलग आठ आठवडे रोज सहा-साडेसहा तास झोप मिळाली असेल आणि कॅलेंडरवर लिहिलेल्या लांबच्या रविवारांपैकी निदान तीन-चतुर्थांश खरोखर झाले असतील, तर गट बदलून मिळतो का ते विचारा आणि खुशाल ५० पळा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर २५ च. शंभर किलोमीटरचं स्वप्न त्यानं एक दिवसही लांब जात नाही. माझ्याकडच्या ज्या दोघी शंभरपर्यंत पोचल्या, त्या दोघींनी मुलं लहान असताना दोन-दोन वर्षं २५ च पळलं होतं.

या आठवड्यात तीनच कामं करा. फेरिटिन आणि हिमोग्लोबिनसाठी रक्त द्या, फिजिओची वेळ घ्या, आणि पावणेचारचा गजर पुसून टाका. रिपोर्ट आला की आकडे इथंच लिहा. कुठल्या दोन सकाळी डबा कोण करू शकेल तेही लिहा, त्यावरून जुलैचा आठवडा मी मांडून देते.